पाऊचच्या मागच्या सहा ओळी

भांडण सहा ओळींचं होतं. हळद पावडरच्या पाव किलोच्या पाऊचवर पुढच्या बाजूला नाव आणि हळकुंडांचं चित्र पक्कं झालं होतं. मागे सहा ओळींची जागा होती. छपाईवाला सिलिंडर टाकायला थांबला होता आणि सिलिंडर एकदा बनलं की एक शब्द बदलायलाही पुन्हा पैसे मोजावे लागतात. भाचीने त्या जागेसाठी मजकूर लिहून ठेवला होता : सांधेदुखी घालवते, साखर आटोक्यात ठेवते, कर्करोगाला रोखते, रक्त शुद्ध करते, रोगप्रतिकारशक्ती वाढवते, शंभर टक्के नैसर्गिक. लातूरहून आलेल्या मामांनी तो कागद वाचला आणि खिशाचं पेन काढून पहिल्या पाच ओळींवर काट मारली.

दोघांची नावं सांगण्याची गरज नाही, असे मामा आणि अशी भाची नांदेड-लातूर या दोन जिल्ह्यांत पुष्कळ घरांत भेटतील. भाची नांदेडची, व्यवस्थापन शिकलेली, माहेरच्या अर्धापूरकडच्या शेतातली हळद दळून विकणारी. मामा लातूरचे, वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. एकीला माल खपवायचा आहे. दुसऱ्याने आयुष्यभर विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारला आहे, की हे तुम्हाला कशावरून कळलं?

"मामा, तुम्ही काय करायलात? तेच तर विकतंय," भाची म्हणाली.

तिचं गणित समजून घ्यायला हवं. जूनच्या आसपास लावलेली हळद जानेवारी-फेब्रुवारीपासून निघते. मग ती शिजवायची, उन्हात वाळवायची, ड्रममध्ये फिरवून पॉलिश करायची. ओल्या पाच क्विंटलांमागे साधारण एक क्विंटल वाळलेला माल हाती येतो. पूर्वी इकडची हळद सांगलीच्या बाजारात जायची. आता नांदेड, वसमत, हिंगोलीचे मोंढेच मोठे झाले आहेत आणि वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण हळकुंड मोंढ्यात टाकलं की भाव ठरवणार आडत्या आणि खरेदीदार. चार पैसे जास्त मिळवायचे तर दळून, भरून, स्वतःच्या नावाने विकायला हवं. आणि किराणा दुकानाच्या फळीवर शेजारी उभे असतात ते देशभर टीव्हीवर दिसणारे मसाल्याचे ब्रँड.

"माझ्याकडे टीव्ही नाही, नट-नटी नाही. माझी जाहिरात म्हणजे हा पाऊच. त्यावर नुसतं 'हळद' लिहिलं तर गिऱ्हाईक दहा रुपये जास्त का देईल? आणि मी खोटं कुठं लिहिलंय? २०२० मध्ये आयुष मंत्रालयानेच सांगितलं होतं की, गरम दुधात अर्धा चमचा हळद घ्या म्हणून. आणि ते अमेरिकेचं पेटंट? माशेलकरांनी जिंकलं ना? म्हणजे हळदीचा गुण अमेरिकेनेही मान्य केला."

हा मुद्दा महाराष्ट्रात हळद विकणारा प्रत्येक जण कधी ना कधी काढतो. म्हणून मामांनी तो नीट उलगडला.

१९९५च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन भारतीय वंशाच्या संशोधकांच्या कामावर पेटंट दिलं, क्रमांक ५४०१५०४. विषय होता जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, १९९६ मध्ये त्याच्या फेरतपासणीची मागणी केली. परिषदेचे महासंचालक होते गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर. परिषदेने जुने संस्कृत ग्रंथ पुढे ठेवले, १९५३ सालचा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला एक लेख पुढे ठेवला, आणि ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. भारताच्या पारंपरिक ज्ञानाच्या लढाईतला तो मोठाच विजय होता.

"पण वाद कशाचा होता, बाळा? हळदीने जखम भरते की नाही, हे तिथे कुणी तपासलंच नाही. तुम्ही नवीन काही शोधलंय का, एवढंच बघितलं गेलं. आपण दाखवलं की, हे आमच्या आजीला ठाऊक होतं, यात नवीन काही नाही. म्हणून पेटंट गेलं. आजीला ठाऊक असलेली गोष्ट खरी आहे का, हा निवाडा पेटंट कार्यालय करत नाही."

"शेकडो वर्षं लोक वापरतात, मामा. उगाच वापरतात का?"

"तुझ्या पणजीने मला लहानपणी जखमेवर हळद लावलेली आठवतेय. तीच पणजी रोज सकाळी दाताला मिश्री लावायची. दात घट्ट राहतात म्हणायची. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने, एकाच विश्वासाने शिकवल्या. त्यातली कोणती ठेवायची आणि कोणती टाकायची, हे तिच्यावरच्या मायेवरून ठरवता येत नाही ना?"

मिश्रीचं हे उदाहरण मराठवाड्यातल्या वाचकाला टोचेल, कारण अजूनही गावोगावी बायका ती लावतात आणि तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण होऊन शहरातल्या दवाखान्यात येतात. परंपरेत अनुभव साठलेला असतो हे खरं आहे, आणि त्या साठ्यात निवड करावी लागते हेही तितकंच खरं आहे.

भाची हार मानणारी नव्हती. तिने मोबाइल पुढे केला. त्यात थायलंडमधल्या एका चाचणीची माहिती होती. गुडघ्याची झीज झालेले ३६७ रुग्ण, चार आठवडे, निम्म्यांना आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी रोज १२०० मिलिग्रॅम, निम्म्यांना हळदीचा अर्क दीड ग्रॅम. २०१४ मध्ये निकाल छापून आला. वेदना कमी होण्यात हळदीचा गट आयबुप्रोफेनच्या मागे पडला नाही, आणि पोटाच्या तक्रारी त्या गटात कमी होत्या.

मामांनी चष्मा चढवून वाचलं. "चांगली चाचणी आहे," ते म्हणाले, आणि भाचीला आश्चर्य वाटलं. "अजून एक सांगतो. २०२३ मध्ये थायलंडमध्येच अपचनाच्या दोनशेवर रुग्णांना काहींना हळदीतलं कर्क्युमिन दिलं, काहींना ओमेप्राझोल ही आम्लपित्तावरची गोळी, काहींना दोन्ही. कर्क्युमिन ओमेप्राझोलच्या तोडीचं निघालं. ऑस्ट्रेलियात टास्मानियामध्ये सत्तर रुग्णांवर गुडघ्याची चाचणी झाली. दुखणं कमी झालं, पण सांध्यातली सूज एमआरआयमध्ये कमी झालेली दिसली नाही. म्हणजे हळदीत काही नाही, असं मी म्हणतच नाही."

"मग काट का मारली?"

"कारण त्यांनी अर्क दिला. तू पावडर विकतेस. चल, हिशेब करू."

पाऊचच्या मजकुराच्या कागदावरच हिशेब झाला. साध्या हळद पावडरीत कर्क्युमिन साधारण तीन टक्क्यांच्या आसपास असतं, वाणानुसार थोडं कमी-जास्त. मेघालयातल्या लाकाडोंग हळदीत ते सात टक्क्यांपर्यंत जातं. तीन टक्के धरलं तर एक ग्रॅम कर्क्युमिनसाठी तेहेतीस ग्रॅम पावडर लागेल. आपल्या रोजच्या जेवणात माणशी दोन-अडीच ग्रॅम हळद जाते. चाचण्यांतल्या डोसाच्या जवळ पोचायचं तर एकट्या माणसाने हा पाव किलोचा पाऊच आठवड्याभरात संपवायला हवा. एवढी हळद घालून केलेलं वरण कोण खाईल?

त्यातही पोटात गेलेलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की, कर्क्युमिनच्या जोडीला मिरीतलं पायपरीन दिलं तर रक्तातलं प्रमाण वीस पटींनी वाढतं. त्यावर आज गोळ्यांचा मोठा धंदा उभा आहे. पण पायपरीन हे साधतं कसं? यकृत परक्या पदार्थांची विल्हेवाट लावतं, ते काम मंदावून. हाच परिणाम माणूस घेत असलेल्या दुसऱ्या औषधांवरही होऊ शकतो. अमेरिकेत हळदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला एक दगावला. आमटीतल्या चिमूटभर हळदीला या धोक्याशी काही देणंघेणं नाही. 'जितकी जास्त तितकी चांगली' असं सांगणाऱ्या जाहिरातीचा मात्र त्याच्याशी थेट संबंध आहे.

आणि कर्करोगाची ओळ? मामांचा आवाज इथे चढला. प्रयोगशाळेतल्या काचेच्या थाळीत कर्क्युमिनने कर्करोगाच्या पेशी मारल्याच्या बातम्या दर महिन्याला येतात. २०१७ मध्ये जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीत एक मोठा आढावा आला. कर्क्युमिन स्वतःच चमकणारं, भराभर विघटित होणारं आणि दिसेल त्या प्रथिनाला चिकटणारं रसायन आहे. त्यामुळे थाळीतल्या चाचण्या ते फसव्या रीतीने 'पास' होतं. तोपर्यंत माणसांवर झालेल्या शंभरावर चाचण्या पाहून त्या लेखकांनी लिहिलं की, दुहेरी गुप्तता पाळून, खोट्या गोळीशी तुलना करून झालेल्या एकाही चाचणीत कर्क्युमिन निर्विवाद यशस्वी ठरलेलं नाही. "लातूरच्या वॉर्डात मी बघितलंय. गाठ लागलेली बाई सहा महिने कुणाची तरी पुडी घेत बसते आणि मग येते. तोवर गाठ फुटलेली असते. तुझा पाऊच वाचून एक जरी बाई थांबली तरी?"

भाची काही बोलली नाही. कर्करोगाच्या ओळीवर तिने स्वतः दुसरी काट मारली.

मग ती उलटली, आणि इथून वाद खऱ्या अर्थाने रंगला.

"ठीक. पण मला हे सांगा, डोस काढायचं काम कुणाचं होतं? माझं की तुमचं? हळद पिकते इथे. गुडघे दुखणाऱ्या बायका इथे, निंदणी-खुरपणीत आयुष्य गेलेल्या. नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, रसशाळा आहे, विष्णुपुरीला शंकरराव चव्हाणांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, शेजारीच विद्यापीठात फार्मसी शिकवतात. लातूरला तुमची विलासराव देशमुख वैद्यकीय संस्था आहे. परभणीला अन्नतंत्र महाविद्यालय १९७६ पासून आहे. एका दिवसात सगळीकडे जाऊन यावं एवढं अंतर. आणि चाचणी झाली कुठे? थायलंडमध्ये! आम्ही शेतकऱ्याच्या पोरींनी दावा केला की पेन काढता. तुमच्या संस्थांनी तीस वर्षांत पुरावा का नाही काढला?"

मामांकडे याला उत्तर नव्हतं, आणि असल्याचं त्यांनी दाखवलंही नाही. "पैसा," एवढंच ते म्हणाले.

तेही कारण खरं आहे. नवं रसायन शोधणारी कंपनी कोट्यवधी खर्चून चाचण्या करते, कारण पेटंटच्या काळात ते वसूल होतात. हळदीवर पेटंट मिळणार नाही, मिळू नये म्हणून तर आपण लढलो. मग तिच्या चाचणीचा खर्च कोण करणार? ज्या ज्ञानाची मालकी सगळ्यांची, त्याच्या तपासणीचा खर्चही सगळ्यांनी, म्हणजे सरकारी संस्थांनी उचलायला हवा. थायलंडमध्ये तो उचलला गेला. भाचीचा राग रास्त आहे. मराठवाड्यातल्या संस्थांनी हे काम अंगावर घेतलं असतं तर तिच्यासारखीला आज इंटरनेटवरचे दावे चिकटवावे लागले नसते.

मामांनी थोड्या वेळाने एक वाट सुचवली. एमडीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. प्रत्येक जण वेगळा विषय धरतो, पंचवीस-तीस रुग्ण गोळा करतो, आणि तो प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जातो. नांदेड, लातूर, अंबाजोगाईच्या विद्यार्थ्यांनी सलग काही वर्षं एकच प्रश्न, एकाच आराखड्याने धरला तर? गुडघेदुखी, प्रमाणित अर्क, ठरावीक डोस, शेजारी नेहमीची वेदनाशामक गोळी. नीती समितीची परवानगी, देशाच्या चाचणी नोंदवहीत आधी नोंद, म्हणजे निकाल बघून प्रश्न बदलता येणार नाही. "हे मला नोकरीत असताना सुचायला हवं होतं असं तू म्हणशील," ते म्हणाले. भाचीने ते म्हटलं नाही. तिने विचारलं, "आत्ता कुणाला भेटावं लागेल?"

एवढ्यात चहा आला, आणि बोलणं बाजाराकडे वळलं.

भाचीकडे स्वतःचा पुरावा होता. बचत गटांच्या प्रदर्शनात तिने दोन प्रकारचे पाऊच मांडले होते. साधे, आणि 'इम्युनिटी बूस्टर' असं गोल स्टिकर लावलेले. स्टिकरचे भराभर गेले.

"कधी मांडले होते?" मामांनी विचारलं.

"साधे पहिल्या दोन दिवशी. मग स्टिकर छापून आले, ते शनिवार-रविवारी."

"म्हणजे शनिवार-रविवारच्या गर्दीने विकले, की स्टिकरने?"

ही चूक औषधांच्या इतिहासात अगणित वेळा झाली आहे. ताप उतरायच्या बेतात असताना दिलेली मुळी तापावरचं औषध ठरते. त्यावरचा इलाज शेतीतून आला. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड शेती केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२०च्या दशकात रीत बसवली : वाण कोणत्या वाफ्यात लावायचं हे माणसाने ठरवायचं नाही, चिठ्ठी टाकून ठरवायचं, म्हणजे चांगली जमीन एकाच वाणाच्या वाट्याला येत नाही. हीच रीत आपल्याकडे रुजवणाऱ्यांत दोन मराठी नावं मोठी आहेत, वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे. त्यांचं शेतीसाठीच्या संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ मध्ये निघालं आणि आजही कृषी पदवीधर प्रबंधात त्याचा हवाला देतो. लातूरच्या तेलबिया संशोधन केंद्रात करडई-सूर्यफुलाचं नवं वाण असंच शेजारी-शेजारी वाफे टाकून पारखलं जातं. पुढे ब्रिटिश डॉक्टरांनी हीच चिठ्ठी क्षयरोगाच्या १०७ रुग्णांसाठी टाकली आणि १९४८ मध्ये निकाल छापला. सहा महिन्यांत स्ट्रेप्टोमायसिनच्या गटातल्या ५५ पैकी चार दगावले, नुसती विश्रांती घेणाऱ्या ५२ पैकी चौदा. औषध खरं होतं, आणि ते कुणालाही दाखवता येत होतं.

"तुझी किराणा दुकानं किती? आठ धर. चिठ्ठी टाक. दाव्याचा पाऊच कुठेच नको, तो मी देऊ देणार नाही. चारांत साधा, चारांत दुसरा, ज्यावर तू खरी, दाखवता येईल अशी माहिती लिहिशील. पंधरा दिवसांनी अदलाबदल कर, म्हणजे मोक्याच्या दुकानाचा फायदा दोघांनाही मिळेल. मधे सण येत असेल तर तोही बघ. आणि पहिली खरेदी मोजू नकोस नुसती. तेच गिऱ्हाईक महिन्याने परत आलं का, ते दुकानदाराला वहीत टिपायला सांग."

भाचीला हे पटलं, इतकंच नव्हे, तिचे डोळे चमकले. एमबीएत तिने असल्या चाचण्यांबद्दल वाचलं होतं, पण त्या मोठ्या कंपन्यांच्या म्हणून. पहिली खरेदी पाऊच बघून होते. दुसरी खरेदी भाजीला आलेला रंग आणि वास बघून होते. छोट्या उद्योगाला जगवते ती दुसरी.

जाहिरातीला मोजमाप लावणाऱ्यांतला एक मोठा माणूस अमेरिकेतला क्लॉड हॉपकिन्स. कूपन छापायची, कोणत्या मजकुरावर किती कूपनं परत आली ते मोजायचं, ही त्याची रीत. त्यावरचं त्याचं १९२३चं पुस्तक आजही जाहिरातवाले वाचतात. पण त्याआधी हाच हॉपकिन्स लिक्वोझोन नावाचं जंतुनाशक द्रव विकत होता. फुकट बाटलीच्या कूपनांनी ते लाखो घरांत पोचवलं गेलं. १९०५ मध्ये कॉलियर्स साप्ताहिकाने तपास केला तेव्हा ते बहुतांशी पाणी आणि त्यात किंचित आम्ल निघालं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत शुद्ध अन्न व औषध कायदा आला, त्यामागे या लेखमालेचाही हात होता. हॉपकिन्सचं मोजमाप चोख होतं. त्याने मोजली ती विक्री. बाटली पिऊन कुणी बरं झालं का, ते मोजलं नाही. भाचीच्या शनिवार-रविवारच्या विक्रीने तर यातलं एकही मोजलं नव्हतं.

"आता तुमच्या घरचं बोलू का?" भाचीने विचारलं. तिला संधी सापडली होती. मामांचा मुलगा, तिचा दादा, लातूरला लाकडी घाणा चालवतो. दुकानाच्या पाटीवर लिहिलंय : करडईचं तेल, हृदयाचा मित्र. "तिथे पेन काढलं होतं का?"

काढलं होतं, आणि चाललं नव्हतं. करडईच्या तेलाने रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी होतं, हे पक्कं माहीत आहे. म्हणून हृदयाला चांगलं, असा पुढचा अंदाज. सिडनीत १९६६ ते १९७३ या काळात नुकताच हृदयविकार होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर हा अंदाज तपासला गेला. निम्म्यांच्या आहारातली संपृक्त चरबी काढून करडईचं तेल आणि त्याचं मार्गारिन दिलं. कोलेस्टेरॉल उतरलं. पण २०१३ मध्ये क्रिस्टोफर रॅम्सडेन यांनी त्या अभ्यासाच्या जुन्या नोंदी शोधून पुन्हा मांडल्या, तेव्हा दिसलं की करडईच्या गटात १७.६ टक्के माणसं दगावली होती आणि दुसऱ्या गटात ११.८ टक्के. मामा लगेच सावरून बोलले, कारण लातूर जिल्ह्यात करडई पेरणाऱ्याच्या मनात भलतीच भीती घालायची नव्हती. तो डोस फार मोठा होता, माणसं आधीच आजारी होती, आणि दुसऱ्या बऱ्याच अभ्यासांचा कल असल्या तेलांच्या बाजूने आहे. फोडणीला करडई वापरायला काहीच हरकत नाही. अडचण आहे ती पाटीची. रक्ताच्या चाचणीतला आकडा सुधारला म्हणजे माणूस वाचला, असं गृहीत धरून ती रंगवली आहे.

"दादा काय म्हणाला?"

"म्हणाला, समोरच्याने 'कोलेस्टेरॉल शून्य' लिहिलंय, मी काय लिहू?" वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतंच, कुणाच्याही नाही. "मी म्हणालो, बियाणं कुणाच्या शेतातलं, घाण्यातून कधी काढलं, किती दिवस टिकेल, ते लिही. लोक घाण्यावर येतात ते तेवढ्यासाठीच. ऐकलं नाही त्याने."

कायद्याचा धाक मामांनी सगळ्यात शेवटी काढला, आणि तेच योग्य होतं, कारण भीतीने खोडलेली ओळ संधी मिळताच परत येते. १९५४चा औषधे व चमत्कारी उपचार कायदा मधुमेह, कर्करोग, रक्तदाब अशा ५४ विकारांवरच्या इलाजाची जाहिरात करायलाच मनाई करतो. अन्नपदार्थाने रोग बरा होतो असं म्हणणं अन्नसुरक्षेच्या २०१८च्या नियमांत बसत नाही. फसव्या जाहिरातीला २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. "मोठ्यांना कोण विचारतं?" हा भाचीचा प्रश्न रास्त होता, पण २०२४च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बडग्याने पतंजलीला देशभरच्या वर्तमानपत्रांत माफीनामा छापावा लागला, हे तिलाही आठवलं.

मग सहा ओळींत लिहायचं तरी काय? मामांनी शिशाचा विषय काढला तेव्हा उत्तर आपोआप पुढे आलं. बांगलादेशात काही ठिकाणी पॉलिश करताना हळकुंडांवर चकाकी यावी म्हणून लेड क्रोमेट हा पिवळा रंग मारत. शिसं लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करतं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आणि बांगलादेशातल्या संशोधकांनी ते २०१९ मध्ये उघड केलं, सरकारने बाजारात छापे घातले, लोकांना सांगितलं, आणि भेसळीचे नमुने ४७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये शून्यावर आले. उपयोजित संशोधन म्हणतात ते याला. पुढे दक्षिण आशियातल्या शहरांची तपासणी झाली, तेव्हा पाटणा, कराची, पेशावरच्या काही नमुन्यांत शिशाचं प्रमाण हजार पीपीएमच्या वर निघालं. आपल्या मानकाची मर्यादा दहा आहे.

भाचीला ड्रम माहीत होता. लहानपणी ती त्याच्या शेजारी बसून उडालेल्या पिवळ्या भुकटीत हात बुडवायची. तिच्या मालाला तिथे दुसरं काही लागत नाही, हे ती छातीठोक सांगू शकत होती. पण गिऱ्हाईकाला ते कसं कळणार? प्रयोगशाळेच्या अहवालाने. मग तिने कागद उलटा केला आणि नव्याने लिहिलं : गाव, वाण, काढणीचा महिना, दळल्याची तारीख, कर्क्युमिन टक्के, शिशाची तपासणी. बदलणारे आकडे सिलिंडरवर न घेता प्रत्येक दळणाला शिक्क्याने मारायचे ठरले. पाऊचला पारदर्शक खिडकी ठेवायचा बेतही तिने सोडला, कारण उजेडाने कर्क्युमिन विरतं आणि दुकानाच्या दारातल्या फळीवर दुपारचं ऊन थेट येतं.

एकटीला प्रत्येक वेळी तपासणी परवडणार नाही, हा तिचा आक्षेप उरला होता. शेजारच्या चार बचत गटांचा माल एकाच वेळी तपासायला पाठवायचा, नमुने एकत्र करून आधी चाचणी घ्यायची आणि त्यात काही सापडलं तरच एकेकाचा वेगळा तपास करायचा, असं मामांनी सुचवलं. त्यावर भाचीचं म्हणणं, एखाद्या गटाने बाहेरून हळकुंड आणून मिसळलं तर सगळ्यांचंच नाव जाईल, म्हणून आधी खरेदीच्या पावत्या एकमेकींना दाखवायचं ठरलं पाहिजे. हे मामांना सुचलं नसतं.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं जुळलं नाही. गुडघेदुखीची ती चाचणी उद्या खरंच नांदेड-लातूरला झाली आणि हळदीचा अर्क चांगला ठरला, तर भाचीला ते पाऊचवर छापायचं आहे. "आमच्या मातीतल्या हळदीवर आमच्या बायकांनी चाचणी दिली, आणि मी लिहायचं नाही?" मामांचं म्हणणं, चाचणी अर्काची असेल, पावडरीची नाही, म्हणून निकाल कसाही लागला तरी पाऊचवर तो येऊ नये. मग अर्कही आम्हीच काढू, असं म्हणून भाचीने काढणीचं यंत्र केवढ्याला मिळतं ते शोधायला घेतलं.